काडीपैलवानाची चरबी

३ जानेवारी

काडीपैलवानास,
लांबूनच पाठीत एक धपाटा.

फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटलं असेल. माझ्या डॉक्टरीणबाईंनी मला गृहपाठ दिला आहे. लिव्हर थकलं की रक्तात घाण साठते, ती डोक्यापर्यंत जाते आणि म्हणे ते आधी अक्षरात दिसतं. ओळी खाली उतरतात, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात. म्हणून हाताने काहीतरी लिहीत राहायचं आणि कोणीतरी ते बारकाईने बघायचं. ह्यांना दाखवून उपयोग नाही. ह्यांना माझं अक्षर लग्न ठरल्यापासून सुंदरच वाटतं. तू जन्मभर पितळेच्या पाट्यांवर लोकांची नावं कोरतोस, एक काना वाकडा गेला तर जेवत नाहीस. माझं अक्षर तपासायला तुझ्याइतका खडूस माणूस मला दुसरा सापडणार नाही.

तब्येतीचं म्हणशील तर अंगाला खाज सुटते, ती कातडीवर नसते, आत कुठेतरी असते. डोळे पिवळे. मैदानावर शिट्टी फुंकली की मलाच धाप लागते आणि पोरं काळजीने बघतात, ते मला अजिबात आवडत नाही. माझ्याच शरीराने माझ्या लिव्हरशी भांडण काढलं आहे. ते आता मिटणार नाही, कोणाच्या तरी लिव्हरचा तुकडा घालावाच लागणार. ह्यांचं वय बसत नाही. ढोल्याचा रक्तगट जुळत नाही, आणि जुळला असता तरी आपल्या त्या बंधुराजांचं पोट बघून डॉक्टरांनी लांबूनच हात जोडले असते. राहिलास तू. लग्नातली पँट तुला अजून होते. खाल्लेलं अंगाला लागत नाही म्हणून आई जन्मभर तुझ्या ताटात जास्त वाढत राहिली, तरी तू काडीचा काडीच. तुझं नाव निघालं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तू येऊन सगळ्या तपासण्या करून गेलास त्याला आठवडा झाला. देणाऱ्याचे रिपोर्ट घेणाऱ्याला सांगायचे नाहीत असा इथे नियम आहे, त्यामुळे मी विचारलं की सगळे मूग गिळून बसतात. तूच सांग, कधी करायचं?

ताई


१२ जानेवारी

ताई,
धपाटा पोचला. नमस्कार घे.

अक्षर तपासलं. उत्तम आहे. फक्त तू उकार पूर्वीपेक्षा लांब ओढतेस, पण तो तुझा स्वभावच आहे, लिव्हरचा त्यात दोष नाही. ओळी सरळ आहेत. दर पत्र मी दुकानातल्या मोठ्या भिंगाखाली धरून बघणार आहे, तेव्हा कंटाळा करू नकोस.

रिपोर्टचं म्हणशील तर काही कागद यायचे आहेत. एक तपासणी बहुधा पुन्हा करावी लागेल. मोठ्या इस्पितळाचं काम, वेळ लागतोच. तू त्याचा विचार करू नकोस.

दुकानात काम भरपूर आहे. एका नव्या इमारतीच्या सगळ्या दारांच्या पाट्या आल्यात. सकाळी स्टुलावर बसतो तो दिवे लागले की उठतो. शेजारचा चहावाला न मागता चहा आणि बिस्किटं आणून ठेवतो. दादा, म्हणजे तुझा ढोल्या, परवा येऊन गेला. तुझी आठवण काढत होता.

काळजी घे. खाजेवरची गोळी वेळेवर घे.

तुझा
काड्या


२२ जानेवारी

प्रिय भावास,

उकार, भिंग, चहावाला, सगळं कळलं. जे विचारलं होतं ते तेवढं कळलं नाही.

काल मी इस्पितळातल्या त्या समन्वय बघणाऱ्या बाईंना गाठलं. रिपोर्ट सांगू नका, पण पुढची तारीख तरी सांगा, म्हटलं. त्या चाचरल्या आणि म्हणाल्या, लिव्हर देणारे सध्या तयार नाहीत. बस, एवढंच.

मी घरी आले आणि कपाट आवरत बसले. मला राग आला की मी कपाट आवरते, तुला माहीत आहे. तुझ्या पोटाला इथून तिथपर्यंत कापणार, दोन-तीन महिने काम बंद राहणार, तुझी बायको धास्तावली असेल. भीती वाटणं चूक नाही. मला तुझा राग ह्याचा आला की तू मला ते सांगितलं नाहीस. कागद यायचे आहेत म्हणे.

तुला मागे फिरायचं असेल तर फीर. मी एका शब्दाने बोलणार नाही आणि घरात कोणाला बोलू देणार नाही. पण मला ते तुझ्या हातचं लिहिलेलं हवं. तू फोनवर छान गोल गोल बोलतोस. कागदावर तुला खोटं धड जमत नाही, हे मागच्या पत्राने कळलंच आहे.

ताई


२७ जानेवारी

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि दुकान मध्येच बंद केलं. हे घरी बसून लिहितो आहे.

मी मागे फिरलेलो नाही. मला त्यांनी परत पाठवलं.

मी तपासण्या करून गेलो त्याच्या चौथ्या दिवशी मला पुन्हा बोलावलं होतं. तुम्हाला कोणाला कळू दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एक चित्र दाखवलं. म्हणाल्या, हे तुमचं लिव्हर, आणि ह्यात जवळपास पाव भाग चरबी आहे. मी हसलो. म्हटलं, बाई, तुमच्याकडे कागदांची अदलाबदल झाली आहे. हे माझ्या थोरल्या भावाचं असेल, तोही रक्तगट बघायला आला होता. मी इतका हटून बसलो की त्यांनी माझ्यासमोर नाव, जन्मतारीख, सगळं पुन्हा लावून दाखवलं. तरी मी म्हणत होतो, माझ्याकडे बघा तरी.

तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचं वजन अगदी बरोबर आहे. त्या वजनात जे भरलंय ते बरोबर नाही."

मग त्यांनी समजावलं. वजनाचा काटा हाडं, मांस, चरबी सगळं एकाच आकड्यात सांगतो, काय किती ते सांगत नाही. माझे हातपाय काटकुळे आहेत कारण त्यांत मांसच नाही. इतकी वर्षं स्टुलावर बसून ते वितळून गेलं. चरबी कातडीखाली दिसण्याजोगी नाही, ती पोटात आतड्यांभोवती आहे आणि लिव्हरच्या आत आहे. सदरा काढल्यावर तेवढी एक छोटी पोटली दिसते, ती मी वयाची समजत होतो. रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, रक्तातली चरबी दुप्पट, रक्तदाब वर. असंच चालू राहिलं तर मधुमेह ठरलेला आणि हृदयाचंही सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. अशा लिव्हरचा तुकडा तुला घातला तर तो नीट चालेल का सांगता येत नाही, आणि माझ्याकडे उरलेला माझ्या जिवाला पुरेल का तेही नाही.

आई म्हणायची, ह्याच्या अंगाला लागत नाही. अंगाला नव्हतंच लागत ग. आत लागत होतं.

तुला का नाही सांगितलं, तर लाज वाटली. ढोल्या म्हणून दादाला जन्मभर चिडवलं ते मीच. तू मरणाच्या दारात, घर माझ्याकडे डोळे लावून बसलेलं, आणि मी काय सांगू, की माझ्यात चरबी आहे? कोणाला खरं वाटलं असतं? तुलाही नसतंच वाटलं.

शेवटी दादाला सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, "मला लहानपणापासून सगळ्यांनी टोकलं. लग्नात टोकलं, दुकानात कपडे घेताना टोकलं. त्या धास्तीने मी दर वर्षी रक्त तपासतो, रोज चालतो, गोळी घेतो. तुला आजवर कोणी टोकलंच नाही." त्याचंही सगळं धड नाही ताई. पण त्याला ते माहीत आहे.

आता मुद्द्याचं. तीन महिन्यांनी पुन्हा चित्र काढणार. लिव्हरची चरबी मेहनतीने उतरते, आणि अंगातल्या दुसऱ्या कुठल्याही चरबीपेक्षा लवकर उतरू शकते, असं डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं. उतरली तर मी चालेन. मी ती उतरवणार. तू तोवर टिकायचं, एवढं तुझं काम.

आणि एक, तूच मला लहानपणी खेळातून काढून खुर्चीवर बसवायचीस. तू काडी, मोडशील, तू गुण लिही. त्याचा हा परिणाम असावा असा माझा संशय आहे.

काड्या


२ फेब्रुवारी

गाढवा,

आधी रडले. मग हसले. मग ह्यांना वाचून दाखवलं आणि पुन्हा रडले. मी इतके दिवस तुला मनातल्या मनात जे जे बोलले ते परत घेत नाही, कारण लपवलंस ते लपवलंसच. पण तू पळाला नाहीस ह्याचा आनंद इतका आहे की आज कपाट आवरायला मिळालं नाही.

खुर्चीचा ठपका माझ्यावर ठेवू नकोस. चेंडू आला की तू डोळे मिटून घ्यायचास. तुला संघात घेऊन मी हरू? शिवाय गुण तू सुरेख लिहायचास, तिथूनच तुला अक्षरांचं वेड लागलं. म्हणजे तुझ्या धंद्याचं श्रेयही माझं आहे. अजूनही माझ्या मैदानावर एखादं काटकुळं पोर असतंच त्या खुर्चीवर.

आता नीट ऐक. तुझ्यापुढे मी ताई नाही, खेळाच्या बाई आहे. आजपासून चहातली साखर बंद, बिस्किटं बंद. त्या चहावाल्याला माझं नाव सांग. पहाटे उठून चालायचं. खाणं निम्मं कर. वजन खाली आणायचं आणि पुढच्या पत्रात मला आकडा कळवायचा. आकडा उतरलेला दिसला पाहिजे, सबबी नकोत.

सोबत माझी शिट्टी पाठवते आहे. मला आता ती फुंकवत नाही. स्टुलावर बसून अर्धा तास झाला की स्वतःच फुंक आणि उभा राहा. शेजारी हसले तर हसू देत.

तुझ्या बायकोला सांग की मी तिची आभारी आहे. हे मी तुझ्याशी बोलताना सांगू शकणार नाही म्हणून लिहिते.

ताई


२५ फेब्रुवारी

खेळाच्या बाईंस,
विद्यार्थ्याचा साष्टांग नमस्कार, कारण उभं राहून करायची ताकद नाही.

तुझा हुकूम मी जरा जास्तच पाळला. निम्मं काय, मी जवळपास खाणंच सोडलं. सकाळी नुसता बिनसाखरेचा चहा, दुपारी दोन काकड्या, रात्री सूप. बायको बोलून थकली. काटा रोज उतरत होता आणि मी रोज त्याच्यावर उभा राहून खूश होत होतो. तुला लिहायचा आकडाही मनात तयार होता. मग एका दुपारी पाटी कोरताना डोळ्यांपुढे अंधारी आली, कोरणी हातातून निसटली आणि एका भल्या माणसाच्या आडनावातून आरपार ओरखडा गेला. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं.

दादा मला धरून आहारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेला. त्यांनी मला एका यंत्रावर उभं केलं, चरबी किती आणि मांस किती ते वेगळं सांगणारं. वजन खरंच उतरलं होतं ताई. पण जास्त करून मांस उतरलं होतं, जे मुळातच नव्हतं ते. पोटाचा घेर जवळपास तेवढाच. शिवाय असं उपाशी राहून झटपट उतरवलं तर लिव्हरवर उलटाच ताण येतो म्हणे. बाईंनी मला झाप झाप झापलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला बारीक व्हायचं नाहीये. ते तुम्ही आधीच आहात. तुम्हाला मजबूत व्हायचंय."

तुझी आणि माझी एकच चूक झाली. ज्या काट्याने मला जन्मभर फसवलं, त्यालाच आपण दोघं पुन्हा विचारत बसलो. तो काटा मी माळ्यावर टाकला आहे. बाईंनी त्याऐवजी कमरेला लावायची टेप दिली.

आता वेळेवर जेवतो. डाळी, अंडी, दही, ताटभर भाज्या. साखर, मैदा, तळलेलं बंद. दारू मी घेत नव्हतोच, ते एक बरं झालं. सकाळी दादाबरोबर भरभर चालतो. तो इतका जड माणूस, पण चढावर माझ्या पुढे असतो आणि वर पोचून माझी वाट बघत उभा राहतो. संध्याकाळी वजनं उचलतो. सुरुवात पाण्याच्या भरलेल्या डब्यांनी केली, आता दुकानातले पितळेचे पत्रे उचलतो. आणि उठाबशा. शाळेत तू पोरांना शिक्षा म्हणून देतेस त्याच. बाई म्हणतात मांड्यांसाठी ह्याच्याइतकं चांगलं काही नाही. इतकी वर्षं तू पोरांना बक्षीस देत होतीस आणि कोणाला कळलं नाही.

शिट्टी फुंकतो. चहावाला पहिल्या दिवशी पोलीस आले समजून धावत आला होता.

तुझ्या मागच्या पत्राची शेवटची ओळ किंचित उतरली होती. राग किंवा घाई असेल. पण लक्ष ठेव.

काड्या


१६ मार्च

प्रिय काड्या,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. शाळेतून सुट्टी घेतली आहे. दुपारी झोप येते आणि दिवसा उजेडीसुद्धा येते. खाज आहेच. काटा माळ्यावर टाकलास ते चांगलं केलंस.

ढोल्याला सांग की मी त्याला फार छळलं. नाही, हे सांगू नकोस, तो रडेल.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. ह्यांनी बागेत खुर्ची ठेवली आहे. मी बसते. समोर कोणीतरी गुण लिहायला बसलेलं असतं असं वाटतं, पण तिथे कुंडी आहे.

घाई करू नकोस. घाई कर.

ताई


२० मार्च

ताई,

पत्र काल मिळालं. भिंगाची गरज पडली नाही. एकच वाक्य दोनदा आहे, ओळी उजवीकडे घसरल्या आहेत, आणि तू सही करताना पेन मध्येच उचललं आहेस. मी लगेच भाऊजींना फोन केला. तू त्यांच्यावर रागावशील की तू ठणठणीत आहेस आणि मी चहाडी केली. रागाव. पण ते म्हणतील तसं लगेच त्यांच्याबरोबर इस्पितळात जा.

तुझं काम टिकायचं, असं मी लिहिलं होतं. ते तू करते आहेस. माझं काम माझ्याकडे आहे. मी काल चढावर दादाच्या पुढे गेलो. त्याने मागून इतक्या मोठ्याने ओरडून शाबासकी दिली की रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली. कमरेच्या पट्ट्याला मी खिळ्याने आतलं एक भोक पाडलं आहे. मला भीती वाटते ताई. मला तुझ्यापर्यंत वेळेत पोचायचं आहे.

काड्या


८ एप्रिल

प्रिय मेव्हण्यास,
आशीर्वाद.

हे मी लिहितो आहे कारण तिला आता लिहिता येत नाही. ती पंधरा-वीस दिवस इस्पितळात आहे. सकाळी डॉक्टर तिला कागदावर चांदणी काढायला सांगतात. तिने पाच टोकांची काढायची ती तीनच काढली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, झाली ना? मी हो म्हटलं. औषधाने थोडी शुद्ध येते, तेव्हा ती तुझं विचारते.

फोनवर मला हे बोलता येणार नाही म्हणून पत्र. काल ढोल्याचा फोन होता. तो म्हणाला तुझं वजन पहिल्या दिवशी होतं अगदी तेवढंच आहे. इतके महिने तू पोटाला चिमटा घेतलास, साखर सोडलीस, पहाटे उठलास, आणि शेवटी काटा होता तिथेच. माणसाच्या हातात किती असतं शेवटी. तू कसूर केली नाहीस, हे मी तिला सांगेन, ती शुद्धीवर असेल तेव्हा.

तिचं नाव प्रतीक्षा यादीत आहे. कोणा अनोळखी माणसाचं लिव्हर मिळेल अशी आशा ठेवतो. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझं काम बघ, तब्येत सांभाळ. तू मोकळा आहेस.

तुझे भाऊजी


१४ एप्रिल

आदरणीय भाऊजी,
नमस्कार.

हे पत्र टपालात टाकून मीही निघतो आहे, म्हणजे पत्राच्या आधी कदाचित मी पोचेन. तरी लिहितो, कारण तिला ते वाचून दाखवायचं आहे आणि माझ्या तोंडून ते नीट निघणार नाही.

दादाने तुम्हाला वजन सांगितलं ते अभिमानाने सांगितलं. त्याच्या लक्षात आलं नाही की ऐकणाऱ्याला उलटं ऐकू जाईल. वजन तेवढंच आहे हे खरं. उपाशी राहून गेलं होतं ते परत आलं आहे. पण चरबीच्या जागी आता मांस आहे. लग्नातली पँट मला आता मांडीत घट्ट होते आणि कमरेत सैल.

काल इस्पितळात चित्र काढलं. त्या डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला आणि जुनं-नवं शेजारी शेजारी ठेवलं. पाव भाग होती ती चरबी आता नावाला उरली आहे. साखर उंबरठ्यावरून मागे आली, रक्तदाब उतरला. त्या म्हणाल्या, आता ह्यातला तुकडा मी बिनघोर घेईन. मी ह्या वेळी त्यांना नाव आणि जन्मतारीख पुन्हा तपासायला सांगितली. त्यांनी हसत तपासली. माझीच होती.

मग एका खोलीत मला एकट्याला बसवून दोघांनी विचारलं की हे तुम्ही स्वतःच्या मर्जीने करता आहात ना, घरातल्या कोणाचा दबाव नाही ना. मी खिशातून शिट्टी काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, दबाव हिचा होता, पण तो माझ्या उठण्यासाठी होता, ह्याच्यासाठी नाही. हे मी तपासण्यांच्या आधीच ठरवलं होतं आणि त्यांनी मला परत पाठवलं तेव्हा आणखी पक्कं ठरवलं.

मला भीती वाटते. तुम्ही मला मोकळं केलंत त्याबद्दल तुमचे उपकार, पण मला मोकळं व्हायचं नाही. काल ताईला भेटलो असतो तर तिथून निघवलं नसतं, म्हणून सामान आणायला तसाच घरी आलो. बायकोने पिशवी भरून दिली आहे. दादाही बरोबर आहे. ताईला एवढंच सांगा, की काड्या मोडला नाही आणि तो येतो आहे.

तुमचा
काड्या


९ डिसेंबर

काडीपैलवानास,

धपाटा ह्या वेळी जपून. डॉक्टरांनी अजून हात जोरात उगारायला मनाई केली आहे, आणि तुझ्या पोटावरची खूण माझ्या खुणेएवढीच लांब आहे हे मी विसरलेले नाही.

तुझा रक्ताचा रिपोर्ट दादाने मला फोनवर वाचून दाखवला. हो, दादा. मी आता त्याला ढोल्या म्हणत नाही. माझ्याहून लहान असला तरी दादाच म्हणते. तुझी साखर अजून जागेवर आहे हे ऐकून मी शांत झोपले. आता माझ्यासाठी करायचं राहिलेलं नाही, म्हणून तू स्टुलावर परत बसशील की काय ही मला धास्ती होती. शिट्टी मी परत मागणार नाही. ती तुझ्याकडेच राहू दे. फुंकत राहा.

काल शाळेत खेळांचा दिवस होता. मला मैदानावर जाऊ दिलं, पण धावायची आणि ओरडायची परवानगी नाही. गेल्या कित्येक वर्षांचा आमचा नियम असा, की काटकुळी पोरं मैदानाच्या कडेला बसून गुण लिहितात, आणि जी जाड आहेत त्यांना पळवायचं. काल सकाळी मी सगळ्या पोरांना रांगेत उभं केलं. म्हटलं, यंदापासून सगळे पळणार. जाड, बारीक, मधले, सगळे. एक मुलगी होती, अगदी तुझ्यासारखी, वाऱ्याने उडेल अशी. ती म्हणाली, बाई, मी तर बारीकच आहे, मला कशाला? मी तिला म्हटलं, माझ्या पोटात माझ्या एका बारीक भावाचा तुकडा आहे, त्याला विचार. ती घाबरून पळत सुटली आणि तिसरी आली.

मग प्रश्न आला की गुण कोण लिहिणार. खुर्ची तर रिकामी होती. मी जाऊन बसले.

दिवसभर मी लिहिलं. संघांची नावं, पोरांची नावं, पहिला कोण, दुसरा कोण. संध्याकाळी उजेड कमी झाला तेव्हा सगळी पानं उलटून पाहिली. एक ओळ उतरलेली नाही काड्या. एक अक्षर दुसऱ्यावर पडलेलं नाही. शेवटचं पान ह्या पत्राला जोडते आहे, भिंगाखाली धर आणि तुझा निकाल कळव.

त्या पानावर खाली मोठ्या माणसांच्या शर्यतीचा तक्ता आहे. ती पुढच्या महिन्यात ठेवली आहे. सगळ्यांत वर तुझं नाव मी लिहून ठेवलं आहे आणि त्याच्या पुढची जागा मोकळी सोडली आहे. गुण लिहायला मी बसते. तू धावायला ये.

ताई